दख्खनच्या माशांना शास्त्रात नाव देणारा कर्नल

चैत्र लागला की बुलडाण्याच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा आक्रसते आणि मासे उरल्यासुरल्या डोहांच्या आश्रयाला जातात. दख्खनच्या बहुतेक लहान नद्यांचे उन्हाळी रूप असेच असते. या मुलखातील माशांची पहिली पद्धतशीर शास्त्रीय नोंद मात्र कोणा प्राध्यापकाने नव्हे, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या एका लष्करी अधिकाऱ्याने केली. त्यांचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म १७९० मध्ये यॉर्कशायरमध्ये झाला. पोरवयातच ते कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात ते होते आणि १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांच्या फौजेविरुद्धही लढले. पुढे १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांना सांख्यिकी अधिकारी नेमले. मराठी सत्तेच्या पाडावात ज्यांचा हात होता, त्यांच्याच हातून मराठी मुलखाची मोजदाद व्हावी, हा इतिहासाचा विचित्र न्याय! पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. बुलडाणा तेव्हा निजामाच्या वऱ्हाडात असल्याने त्यांच्या मोजणीबाहेर राहिला.

गावे, पिके, लोकसंख्या आणि पाऊस मोजता मोजता या कर्नलची नजर पक्ष्यांवर गेली, तशीच नदीवरही. १८३१ मध्ये ते मायदेशी परतले आणि त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या माशांवरील निबंध ठेवला. त्यात ४६ प्रजाती होत्या आणि त्यांपैकी ४२ त्यांच्या मते शास्त्राला नव्या होत्या. अनेक माशांना त्यांनी लॅटिन साज चढवला तो स्थानिक नावांवरच. खुद्री, कोळस, मुल्या, नुकटा ही नावे अशी जगभरच्या ग्रंथांत गेली. नाकाडावर गाठ असलेला नुकटा त्यांना चाकणजवळ इंद्रायणीत आढळला, तर खुद्री पुण्याच्या मुळा-मुठेत. ही नावे ज्यांच्या तोंडी होती, त्या भोई-कोळ्यांपैकी कोणाचे नाव मात्र एकाही प्रजातीला मिळाले नाही.

साइक्स यांच्या अनेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत; उरली ती वर्णने आणि चित्रे. त्यातून घोटाळे झाले. त्यांनी नोंदवलेला मसुळा नेमका कोणता, यावर अभ्यासक दीर्घकाळ चुकत राहिले. कावेरीतील वशिंडवाल्या महसीरला हे नाव चिकटले होते. ते त्याचे नव्हेच, हे २०१३ च्या सुमारास स्पष्ट झाले.

पुढे साइक्स कंपनीचे अध्यक्ष झाले, १८५७ पासून अॅबर्डीनचे खासदार राहिले आणि १८७२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची खुद्री मात्र फिरतच राहिली. प्रवाहाविरुद्ध झुंजणाऱ्या या महसीरवर गळ टाकणाऱ्या शौकिनांचा जीव. धरणांनी आणि सांडपाण्याने तिचे मार्ग अडवले, तेव्हा लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने तिची पैदास सुरू केली. तेथील पिले दूरवरच्या जलाशयांत आणि कावेरीतही सोडली गेली. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत खुद्री धोक्याच्या वर्गातून बाहेर आली. त्याच वर्षी कावेरीचा मूळचा वशिंडवाला महसीर अतिसंकटग्रस्त ठरला, आणि बाहेरून आणलेली खुद्री हे त्यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते.