विश्लेषण : ब्रिटनची जुनी फुटबॉल मैदाने कुणी घडवली?

ग्लासगोचे आर्चिबाल्ड लीच (१८६५-१९३९) मूळचे कारखान्यांचे आराखडे करणारे. ५ एप्रिल १९०२ रोजी त्यांनी आखलेल्या आयब्रॉक्स मैदानात स्कॉटलंड-इंग्लंड सामन्यात प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्या कोसळल्या. २५ जण दगावले. लीच तिथे हजर होते. कारकीर्द तिथेच संपायची. पण ते डगमगले नाहीत. पुढे त्यांनी मातीच्या भक्कम भरावावर पायऱ्या बांधल्या, गर्दी रोखणारे कठडे बसवले. ओल्ड ट्रॅफर्ड, क्रेव्हन कॉटेजही त्यांचेच. आपल्या संघामागे परगावी जाणाऱ्या चाहत्यांना गुडिसन पार्कसारख्या मैदानांत सज्जावर त्याच पोलादी फुल्या दिसत. त्या कुणाच्या, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असे. आयब्रॉक्सचा १९२९ मधला मुख्य स्टँडही लीच यांचाच. तो आजही उभा आहे.