डॉ. द्वारकानाथ कोटणीस

आमच्या वडसा-देसाईगंजच्या भागात जखम ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. धानाच्या कापणीत विळा बोटावरून जातो, बांबू चिरताना कामटी तळहातात शिरते, सरपण फोडताना कुऱ्हाड निसटते, घरात भाजी चिरताना पावशी लागते. अशा वेळी हाताशी सापडेल ती चिंधी गुंडाळावी व पुन्हा कामाला लागावे, हीच बहुधा आपली रीत. गेल्या हंगामात आमच्या वर्गातील एक मुलगा बोटाला अशीच चिंधी गुंडाळून पाच दिवस शाळेत येत होता. सहाव्या दिवशी त्याच्याने लेखणी धरवेना, तेव्हा कोठे ती चिंधी सोडण्यात आली. बोट वाचले, हे त्याचे दैव. त्या दिवशी आम्हांस ज्या पुरुषाची आठवण झाली, त्याचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस थोडक्यात सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूर येथे १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. घर मध्यम स्थितीचे व भावंडे पुष्कळ. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वैद्यकीचा अभ्यास केला. पुढे शल्यविद्येत प्रावीण्य मिळवावे, मग प्रतिष्ठेने व्यवसाय करावा, हा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. परंतु त्यांच्या भाग्यात निराळेच कार्य होते.

सन १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी स्वारी केली. गावेच्या गावे जळाली, जखमींची गणती राहिली नाही, आणि त्यांस पाहावयास वैद्य मिळेनात. चिनी सेनापती झू दे यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे साह्य मागितले. १९३८ मध्ये राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशास आवाहन केले, आणि आपला देश स्वतः पारतंत्र्यात असताही त्याने पाच डॉक्टरांचे पथक व रुग्णवाहिका चीनकडे धाडली. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल हे होते. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि आमच्या विदर्भातील नागपूरचे वयोवृद्ध डॉ. चोळकर, असे हे पाच जण होत. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईचा किनारा सोडला. तेव्हा कोटणीसांस अठ्ठाविसावे वर्ष अद्याप पूर्ण झाले नव्हते.

चीनमध्ये असतानाच वडील वारल्याची वार्ता त्यांस कळली. घरी परतावे असे कोणालाही वाटले असते, व त्यांस कोणी दोषही दिला नसता. तथापि ज्या कार्यास निघालो ते अर्धवट सोडावयाचे नाही, असा निश्चय करून ते पुढेच गेले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनान येथे पोहोचले. तेथून पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात, लढाईच्या अगदी तोंडाशी, कोटणीसांनी आपले ठाणे केले.

त्याच मुलखात त्यांच्या आधी कॅनडाचे नामांकित शल्यवैद्य डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. जखमी माणसाने वैद्याकडे येण्याची वाट पाहू नये, वैद्यानेच जखमीकडे जावे, हा त्यांचा बाणा होता. कारण जखमेवर उपचार करण्यास जितका विलंब, तितकी ती अधिक सडते. १९३९ च्या ऑक्टोबर अखेरीस शत्रू जवळ आला असता, हातांत मोजे नसताना, घाईघाईने शस्त्रक्रिया करताना बेथ्यून यांच्या बोटास चीर पडली. तिच्यात विष भिनले, ते रक्तात पसरले, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी शेकडोंचे प्राण वाचविणारा हा वैद्य मरण पावला. त्या काळी पेनिसिलिन रुग्णांस मिळू लागलेले नव्हते. तोफेच्या गोळ्यास जे साधले नाही, ते बोटावरील एका चिरेने साधले.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. बेथ्यून कशाने गेले हे कोटणीसांस पूर्णपणे ठाऊक होते. त्याच तुटवड्यात, तशाच जखमांत आपणांस हात घालावयाचे आहेत, हेही ठाऊक होते. असे असताही १९४१ च्या आरंभी बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाची धुरा त्यांनी आपल्या शिरावर घेतली. तत्पूर्वी १९४० मधील एका दीर्घ लढाईत त्यांनी ७२ तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या व ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, असे सांगतात. औषधे अपुरी असत. मलमपट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापराव्या लागत. परंतु धुतल्या व उकळल्यावाचून पट्टी जखमेवर चढवावयाची नाही, हा तेथील वैद्यकाचा नियम होता.

ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेतून विद्यार्थ्यांस शिकवू लागले, आणि शल्यविद्येवर पाठ्यपुस्तक लिहावयासही त्यांनी घेतले. १९४१ मध्ये तेथील परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला, त्याचे नाव इनह्वा, म्हणजे भारत आणि चीन, असे ठेविले. परंतु हे सुख अल्पकाळचे ठरले. श्रमांनी देह खंगला होता, अपस्माराचे झटके येऊ लागले होते, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. पथकातील बाकीचे चौघे स्वदेशी परतले. कोटणीस तेवढे परतले नाहीत. चिनी जनतेने शी-च्या-च्वांग येथे त्यांचे स्मारक केले, आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर बोलपट काढला.

आता आपण काय शिकावे? सर्वांस चीनला जावयाचे नाही. परंतु शेतातील, जंगलातील व घरातील जखमीपाशी सर्वांत आधी आपणच असतो. तेव्हा इतके ध्यानात ठेवावे. प्रथम आपले हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दहा मिनिटे एकसारखे दाबून धरावे, मध्ये उचलून पाहू नये. रक्त थांबल्यावर लहान जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने नीट धुवावी, मग धुतलेल्या कापडाने झाकावी, व ते रोज बदलावे. राख, माती, शेण, तंबाखू यांपैकी काहीही जखमेत भरू नये. दोरीने बोट आवळू नये. कामटी किंवा लोखंड खोल रुतले असेल तर ते ओढून काढू नये, तसेच स्थिर ठेवून रुग्णास दवाखान्यात न्यावे. जखम खोल असेल, दाबूनही रक्त थांबत नसेल, किंवा पुढे सूज, पू अथवा ताप दिसला, तर एक दिवसही दवडू नये. धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांस अवश्य विचारावे. कुत्रा चावला असेल तर जखम साबण व पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लसीकरिता जावे.

पालकांस आमची एक विनंती आहे. मूल हात कापून घरी आले, तर प्रथम त्यास रागावू नका. आमच्या त्या विद्यार्थ्याने पाच दिवस बोट लपविले, ते वेदनेच्या भयाने नव्हे, तर विळ्यास हात लावल्याबद्दल बोलणी बसतील या भयाने. ज्या कोटणीसांनी परक्या मुलखातील परक्या माणसांच्या जखमा आपल्या मानिल्या, त्यांचे चरित्र वाचून आपण निदान आपल्याच लेकरांच्या जखमा वेळेवर पाहाव्यात, धुवाव्यात व झाकाव्यात. एवढे झाले तरी हे चार शब्द लिहिल्याचे आम्हांस समाधान होईल.