खऱ्या मापाची कारभारीण : ॲना मणी

वाचकहो, शलमोनाच्या नीतिसूत्रांतील खोट्या तराजूचा निषेध आपण व्यापाऱ्यांपुरता मानतो. परंतु उन्हाचे, वाऱ्याचे व सागराचे मापही खोटे असू शकते. हे आयुष्यभर ध्यानी ठेवणाऱ्या ॲना मणी यांचे चरित्र आपण अवश्य जाणून घ्यावे.

त्रावणकोरातील पीरमेड येथे १९१८ साली एका सीरियन ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आठव्या वाढदिवशी हिऱ्यांच्या कुड्या नाकारून त्यांनी विश्वकोश मागितला. १९४० साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या. तेथे हिरे हाती आले ते अभ्यासासाठी! पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले, प्रबंधही सादर झाला, तथापि एम.एस्सी. पदवी नसल्याने मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. त्या खचल्या नाहीत. लंडनमध्ये हवामान-उपकरणांचा अभ्यास करून १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या.

त्या काळी साधी उपकरणेही परदेशांतून येत. बाईंनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले व ती देशातच घडू लागली. चुकीच्या मोजणीपेक्षा मोजणी नसलेली बरी, अशी त्यांची धारणा होती. १९७६ साली उपमहासंचालक म्हणून निवृत्त होऊन त्या बंगळूरला परतल्या व तेथे त्यांनी वारा आणि ऊन मोजणाऱ्या उपकरणांचा कारखाना काढला. २००१ साली तिरुवनंतपुरम येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा क्षेत्रविषय वातावरण. पण त्यांच्या आग्रहाचे मोल आज सागरावर कळते. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक सागर शोषून घेतो. ती मोजण्यासाठी जगभर सुमारे चार हजार आर्गो तरंगयंत्रे दोन हजार मीटर खोलीपर्यंतचे तापमान व क्षारता नोंदवीत असतात. बाई जेथे शिकल्या, त्याच बंगळूरच्या संस्थेत आज सागर व मोसमी पावसाचे नाते अभ्यासले जाते. खोल पाणी तापते ते अंशाच्या अल्पांशाने. यंत्र तेवढेच चुकले, तर बदल सागराचा की यंत्राचा, हे कसे कळावे? नोंदींत खंड पडला, तर गेलेली वर्षे पुन्हा मोजता येत नाहीत.

शेतकऱ्याची पेरणी व कोळ्याची होडी ज्या अंदाजावर विसंबते, त्याच्या मुळाशी असा निनावी प्रामाणिकपणा असतो. वाचकहो, निर्मात्याने सोपविलेल्या सृष्टीचे कारभारीपण आपल्याकडेही आहे. आपल्या हातचे माप खरे आहे ना, हे आज आपण तपासून पाहू या.