कुलूपवाले अर्देशीर

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मागच्या सेमिस्टरला आमच्या प्रोजेक्ट रूममधून एक किट गायब झालं. दाराला स्मार्ट लॉक होतं, पण कोड सगळ्यांना एकच! पास आऊट झालेल्या सिनिअर्सनासुद्धा तोच माहीत. लॉगमध्ये दार उघडल्याची वेळ दिसे, माणूस कळेना. शेवटी संशय आला झाडायला येणाऱ्या मावशींवर. त्यांना कोड मीच सांगितला होता, त्यामुळे मला ते फार लागलं. लॉकविषयी वाचत सुटले आणि भेटले अर्देशीर गोदरेज.

जन्म 1868 चा, मुंबईतला, पारशी कुटुंबातला. शिकले वकिली. 1894 मध्ये एका खटल्यासाठी झांझिबारला गेले, पण अशिलासाठी सत्य वाकवायला तयार होईनात. वकिलीच सोडून परत आले. (आपण व्हायवात काय काय वाकवतो ते आठवा!) मग मेरवानजी कामांकडून 3000 रुपये उसने घेऊन सर्जरीची हत्यारं बनवायला घेतली. माल उत्तम होता, पण इंग्रज गिऱ्हाईकाला त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको होता आणि अर्देशीरना तो हवाच होता. धंदा बुडाला. पुढे मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी वाचली आणि 1897 मध्ये लालबागच्या एका शेडमध्ये कुलपं सुरू केली. धाकटे भाऊ पिरोजशा नंतर येऊन मिळाले.

स्प्रिंग तुटली की कुलूप खलास, म्हणून त्यांनी बिनस्प्रिंगचं कुलूप काढलं. पण मी थक्क झाले ती त्यांच्या गॉर्डियन कुलपामुळे. त्याला दोन चाव्या. दोन्हींनी उघडतं, पण एका चावीने आतल्या लिव्हर्सची मांडणीच बदलता येते, की दुसरी चावी बाद! म्हणजे आपण ॲपमध्ये एखाद्याचा युजर कोड डिलीट करतो तेच, आणि तेही विजेशिवाय. त्यांच्या डिटेक्टर कुलपात चुकीची चावी घातली तर मालकाला नंतर कळे. आज मोबाईलवर अलर्ट येतो, इतकाच फरक.

पुढे तिजोऱ्या केल्या, वनस्पती तेलाचा साबण केला. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडाला तब्बल 3 लाख रुपये दिले. उतारवयात नाशिकला शेती करायला गेले. 1936 मध्ये वारले.

आता रूमच्या लॉकवर प्रत्येकाला वेगळा स्लॉट, वेगळा कोड आहे. दार कुठल्या स्लॉटने उघडलं ते लॉगमध्ये येतं, आणि एक कोड काढला तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. सिनिअर्सचा जुना कोड मी स्वतः उडवला. मावशींना 7 नंबरचा स्लॉट दिलाय. किट अजून सापडलेलं नाही.