डॉक्टर पॉल ब्रँड आणि वेदनेचा पहारा

गडमुडशिंगीच्या शिवारात उसाच्या पाल्याने हात कापला, अथवा गुऱ्हाळावर काहिलीचा चटका बसला, म्हणजे आपण वेदनेस दूषण देतो. परंतु वेदनाच नाहीशी झाली तर मनुष्याची काय दशा होते, हे ज्यांनी जगास दाखविले त्या डॉक्टर पॉल ब्रँड यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

ब्रँड यांचा जन्म आजच्या तामिळनाडूतील कोल्ली डोंगरावर १९१४ साली मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. नवव्या वर्षी ते शिक्षणासाठी इंग्लंडास गेले. १९२९ साली वडील इकडेच तापाने वारले. लंडनास शस्त्रवैद्य होऊन ते १९४६ साली वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. पुढे चिंगलपटच्या दवाखान्यात त्यांनी कुष्ठरोग्यांचे वाकडे व झडलेले हात पाहिले. रोगाने मांस आपोआप सडते, असाच तेव्हा समज होता. ब्रँड यांस तो पटेना.

एकदा एक गंजलेले कुलूप त्यांच्याने उघडेना. एका लहान रोगी मुलाने किल्ली सहज फिरविली. पण त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेले, आणि त्यास त्याची वार्ताही नव्हती! येथे ब्रँड यांस उलगडा झाला.

आपल्या त्वचेत ज्ञानतंतूंची असंख्य सूक्ष्म टोके असतात. काही स्पर्श ओळखितात, काही दाब, काही ऊनथंड, तर काही इजा. टोक चेतले म्हणजे तंतूतून विजेसारखे ठोके पाठीच्या कण्याकडे धावतात. इजा मोठी तितके ठोके दाट. मेंदूस कळण्यापूर्वीच कण्यातून हुकूम सुटतो व हात मागे येतो. कुष्ठाचे जंतू हात, पाय, चेहरा अशा थंड भागांतील तंतूंचाच नाश करितात. मग पहारेकरीच मेल्यावर काटा, निखारा व जोडा यांच्या जखमा रोज वाढतात, आणि अवयव त्यांनी जातो. रोगाने सडून नव्हे.

ब्रँड यांनी सशक्त स्नायूंच्या शिरा लुळ्या बोटांस जोडून शेकडो हात कामास लाविले, आणि रोग्यांस रोज आपले हातपाय डोळ्यांनी तपासण्यास शिकविले. १९६६ साली ते अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले. तेथे त्यांनी इजेची सूचना देणारे यांत्रिक हातमोजे करून पाहिले. परंतु सूचना नकोशी झाली की रोगी यंत्र बंद करीत. जी बंद करिता येत नाही, तीच वेदना राखण करिते, हे त्यांस कळून आले. २००३ साली ते निवर्तले.

वाचकहो, अंगावर फिकट वा तांबूस चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नका. १९८२ पासून प्रचारात आलेल्या संयुक्त औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मात्र मेलेला तंतू औषधाने सहसा परत येत नाही; म्हणून विलंब नको.