अबोल हेन्री कॅव्हेंडिश

मी कला शाखेचा विद्यार्थी. विजेशी माझा संबंध दिव्याचे बटण दाबण्यापुरता. पण वसतिगृहातील माझा सोबती विज्ञान शाखेचा, आणि परीक्षा जवळ आली की तो मोठमोठ्याने पाठ करतो. एका रात्री त्याचा कूलोमचा नियम चालला होता : दोन विद्युतभारित वस्तूंमधील अंतर दुप्पट केले की त्यांच्यामधील ओढ किंवा रेटा चौथाईवर येतो. मध्येच थांबून तो म्हणाला की, कूलोमने हे १७८५ मध्ये सिद्ध केले खरे, पण त्याआधी तेरा वर्षे एका इंग्रजाला हेच सापडले होते. त्याने ते कुणाला सांगितले नाही, इतकेच. तो पुन्हा पाठांतराला लागला. मला मात्र झोप येईना. कारण वर्गात उत्तर ठाऊक असूनही मान खाली घालून बसणाऱ्यांपैकी मी एक आहे.

हेन्री कॅव्हेंडिश १७३१ मध्ये नीस येथे जन्मला. आजोबा ड्यूक, घराणे गडगंज. आई दोन वर्षांच्या मुलाला सोडून गेली. केंब्रिजमध्ये तो सुमारे चार वर्षे शिकला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. (आमच्या पालकांनी हे वाक्य वाचू नये !) त्यानंतर लंडनला वडिलांच्या घरी राहून त्याने प्रयोग सुरू केले. वडील स्वतः प्रयोग करणारे होते, ही त्याची भाग्याची गोष्ट.

माणसांची मात्र त्याला विलक्षण धास्ती. रात्रीच्या जेवणाला काय हवे ते तो चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवी. मोलकरणींनी त्याच्या दृष्टीस पडू नये अशी सक्त ताकीद होती. कपडे आजोबांच्या काळातले. चित्र काढू द्यायला तो कधीच कबूल झाला नसता. त्याचे एकमेव चित्र एका चित्रकाराने भोजनाच्या बैठकीत चोरून पाहून काढले. आपला मोठा ग्रंथसंग्रह त्याने वेगळ्या घरात ठेवून अभ्यासकांना खुला केला होता आणि स्वतःचेच पुस्तक नेतानाही तो रीतसर पावती लिहून देत असे. आमच्या ग्रंथपालांना हा गृहस्थ फार आवडला असता.

आता तो प्रयोग. १७७२ च्या डिसेंबरात त्याने सुमारे बारा इंच व्यासाचा एक गोळा घेतला व त्याच्याभोवती पुठ्ठ्याची दोन पोकळ अर्धगोल कवचे बसवली. सगळ्यांना कथिलाचा वर्ख लावलेला. आतला गोळा व बाहेरचे कवच तारेने जोडून त्याने कवचाला विद्युतभार दिला. मग रेशमी दोऱ्याने तार ओढून काढली, कवचे दूर केली आणि आतल्या गोळ्याला भेंडाच्या हलक्या गोळ्या लावून पाहिल्या. त्या हलल्या नाहीत. आत भार गेलाच नव्हता. बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल तरच हे घडते. वर्गाऐवजी दुसरा घात असता तर आत थोडा तरी भार उतरला असता. आपल्या उपकरणाची नजर किती बारीक आहे याचाही त्याने हिशेब केला : घात दोनपासून फार तर एक-पन्नासांश ढळू शकेल. मला तर याचेच जास्त कौतुक वाटले. काहीच हलले नाही, यातून त्याने एवढे वाचले !

कूलोमची रीत वेगळी. बारीक तारेला किती पीळ बसतो यावरून त्याने भारित गोळ्यांमधला रेटा मोजला, आणि तो छापून जगापुढे ठेवला.

कॅव्हेंडिश अगदीच मुका नव्हता. विजेवर त्याने दोन निबंध प्रसिद्ध केले. लाकूड व कातडे यांचा बनावट विद्युत्‌मासा करून १७७५ मध्ये विद्वानांना त्याचे धक्केही दिले. हायड्रोजन त्याने ओळखून दिला, आणि १७९८ मध्ये पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट आहे असे काढले. आजचा आकडा सुमारे ५.५१ आहे. पण विजेवरचे बहुतेक काम वह्यांतच राहिले. वाहकांची तुलना करायला साधन नव्हते म्हणून तो स्वतःच्या अंगातून धक्के घेई आणि कोणता जोराचा ते ठरवी. ओहमने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमाजवळही तो असाच पोहोचला होता.

१८१० मध्ये तो वारला तेव्हा इंग्लंडमधील अत्यंत धनाढ्य पुरुषांत त्याची गणना होती. वह्या घराण्यात पडून राहिल्या. केंब्रिजला त्या घराण्याच्याच देणगीतून प्रयोगशाळा उभी राहिली व जेम्स क्लार्क मॅक्सवेल तिथे प्राध्यापक झाला, तेव्हा त्या त्याच्या हाती आल्या. मॅक्सवेलला स्वतःचे काम थोडे का होते ? तरी त्याने त्या वर्षानुवर्षे वाचल्या, गोळ्याचा प्रयोग पुन्हा करवून घेतला आणि ती चूक एक-एकवीस हजार सहाशांशाहून अधिक नाही असे दाखवले.

कूलोमवर माझा राग नाही. ज्याने सांगितले त्याचे नाव नियमाला लागले, हे योग्यच झाले. पण मॅक्सवेलचा विचार मनातून जात नाही. कॅव्हेंडिशच्या वह्यांचे पुस्तक १८७९ च्या शरदात छापून निघाले, आणि त्याच नोव्हेंबरात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मॅक्सवेल गेला.