बोटांत लपणारी सुरी

तुमच्या पायाला कधी गळू झाले आहे का? दवाखान्यात डॉक्टरांच्या हातात धारदार पाते दिसले की पाय आपोआप मागे जातो. एक हजार वर्षांपूर्वी एका हकिमांनी रोग्याच्या या भीतीचा विचार केला होता. त्यांचे नाव अबुल कासिम अल्-झहरावी.

रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागजवळ चौल गाव आहे. तेथे पूर्वी मोठे बंदर होते. अरब त्याला सैमूर म्हणत. इ. स. 916 च्या सुमारास अल्-मसूदी हा बगदादचा प्रवासी तेथे येऊन गेला. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी दूर स्पेनमध्ये, कुर्तुबा शहराजवळच्या मदीनतुझ्-झहरा येथे झहरावींचा जन्म झाला. गावाच्या नावावरून ते झहरावी झाले.

त्या काळी भूल देण्याची आजच्यासारखी सोय नव्हती. सुरी पाहताच रोगी घाबरे, अंग चोरून घेई. तो हलला की सुरी भलतीकडे लागण्याचा धोका असे. म्हणून झहरावी गळू फोडण्यासाठी बोटांच्या आड लपेल अशी सुरी वापरायला सांगत. ती लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन आकारांची असे. रोग्याला ती दिसतच नसे!

तेव्हा तापलेल्या सळईने डाग देऊनही उपचार करीत. काही वैद्यांना त्यासाठी सोने आवडे. झहरावींनी मात्र लोखंड पसंत केले. सोने किती तापले हे त्याच्या रंगावरून नीट कळत नाही, ते लवकर निवते आणि फार तापले तर वितळते. लोखंडाचे तसे नाही. हाताला काय सोपे आणि रोग्याला काय सुरक्षित, एवढेच ते पाहत.

इ. स. 1000 च्या सुमारास त्यांनी 'अत्-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ पूर्ण केला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे आहेत. मला या भागातील एक हकिकत विसरता येत नाही. एका वैद्याने मानेवरची गाठ कापताना रक्तवाहिन्याही कापल्या आणि रोगी तेथेच दगावला. शरीराची रचना न शिकता हातात सुरी धरणाऱ्यांवर झहरावींचा फार राग होता.

इ. स. 1013 च्या सुमारास ते वारले. त्याआधीच बंडाळीत त्यांचे गाव उद्ध्वस्त झाले होते. ग्रंथ मात्र वाचला. बाराव्या शतकात तुलैतुला शहरात जेरार्ड नावाच्या विद्वानाने शस्त्रक्रियेचा भाग लॅटिन भाषेत नेला. नकला करणाऱ्यांनी मजकुराबरोबर चित्रेही उतरवून घेतली. म्हणून ती छोटी सुरी आजही आपल्याला पाहता येते.